आक्काचं वजन आणि दाजींचे शॉकअप

माझ्या दाजींइतकं मोटरसायकलच्या मागच्या सीटवर प्रेम करणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत झाला नाही, आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. पुढच्या सीटवर काय, कोणीही प्रेम करतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, खोडदचे शेतकरी. त्यांच्याकडे साडेतीनशे सीसीचं एक जुनं धूड होतं आणि त्यावर आक्काला मागे बसवून ते कोकण, गुजरात, पार नर्मदेपर्यंत हिंडून आले होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आक्काच्या कमरेची गादी सरकली. डॉक्टर म्हणाले, दचका बसता कामा नये. झालं, आक्काला गाडी बंद आणि घाटघरही बंद. घाटघर आमचं गाव, आक्काचं माहेर. तिथला तेव्हाचा रस्ता असा की एसटीच्या मागच्या बाकावरचा माणूस निम्मा प्रवास हवेतच करायचा. तीन वर्षं आक्काला माहेर दिसलं नाही आणि आईला लेक. मग दाजींनी मनावर घेतलं. गाडीला असे मागचे शॉकअप बसवायचे, की आक्काला घाटघर आल्याचंही कळू नये.

त्यानंतर दाजींना दुसरा विषय उरला नाही. लग्नाला गेले की लोक नवरीकडे बघायचे आणि दाजी मांडवाबाहेर उभ्या गाड्यांच्या सीटा दाबत फिरायचे. खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरीला असलेल्या एका साहेबाची गाडी दाबताना तर तो साहेबच वर बसलेला होता. "तुमी बसा, लई छान दबतीय," म्हणून दाजींनी त्याला उतरूही दिलं नाही. घाटघरच्या रस्त्यावरचे खड्डे त्यांनी मोजून ठेवले होते आणि प्रत्येकाला एकेका नातेवाइकाचं नाव दिलं होतं. सगळ्यात खोल खड्डा माझ्या वडिलांच्या नावाचा. कारण विचारलं तर म्हणाले, "पावणं, वरून दिसत न्हाई. बसल्यावर कळतो."

जुन्नरच्या बाजारपेठेत आमच्या ओळखीचे एक मिस्त्री होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांनी पुण्याहून तीन जोड मागवून दिले. निवड कशी करायची, याची युक्ती दाजींची स्वतःची होती. आक्काचं वजन लग्नाच्या वर्षी जत्रेतल्या काट्यावर पन्नास किलो भरलं होतं. म्हणून पन्नास किलोची कांद्याची गोणी मागच्या सीटवर बांधून ते महिनाभर हिंडले. गोणीशी बोलायचेसुद्धा. सर्वांत मऊ जोड पास झाला आणि एका सकाळी गोणीच्या जागी आक्का बसली. खोडदच्या वेशीतल्या पहिल्याच गतिरोधकावर मागून खण्णकन आवाज झाला. आक्का कमरेला हात लावून उतरली आणि चालत घरी गेली.

दाजी दोन दिवस जेवले नाहीत. चाचांनी गाडी पाहिली आणि म्हणाले, "दाजी, स्प्रिंग वजन बघून घ्यायची असती, लाज बघून न्हाई. वहिनींचं आजचं वजन सांगा." आता हे आक्काला विचारणार कोण? संसारात काही आकडे विचारायचे नसतात, एवढं शहाणपण दाजींकडे होतं. शेवटी मीच जाऊन तिला चाचांचा निरोप सांगितला. दुसऱ्या दिवशी आक्का आमच्यासोबत कांद्याच्या बाजारात आली आणि भर गर्दीत गोण्यांच्या काट्यावर चढली. बाजाराची रीत अशी, की मापाड्यानं वजन खड्या आवाजात पुकारायचं. तो बिचारा आक्काकडे बघून पुटपुटला. आक्का कडाडली, "मोठ्यांदा सांग की! माहेरी जायचंय मला!"

"अडुसष्ट!" मापाडी ओरडला आणि सगळा बाजार हसला. सर्वांत मोठ्यानं आक्काच हसली.

चाचांनी सर्वांत कडक जोड बसवला, तो गॅस भरलेल्या छोट्या डबीवाला. आठ दिवसांनी आम्ही घाटघरला निघालो. मी माझ्या गाडीवर मागे होतो. मामांचा खड्डा गेला, आत्यांचा गेला, खुद्द वडिलांचाही गेला. दरवेळी दाजींची गाडी नुसती मान हलवल्यासारखी खाली-वर व्हायची, आणि आक्का ताठ बसलेली. दारात उतरली तेव्हा आई तिच्या गळ्यातच पडली. दाजींनी धीर धरून विचारलं, "कंबर कशी व्हती?"

"कंबर? तिची आठवण कुणाला?" आक्का म्हणाली. "तुमच्या बडबडीतनं सवड मिळाली तर ना."

ते मात्र खरं होतं. खोडद सोडल्यापासून दाजी मान अर्धी मागे वळवून बोलत होते आणि आक्का पुढे वाकून ऐकत होती. रस्ता रिकामा होता, मला दहादा पुढे जाता आलं असतं. मी हॉर्नही दिला नाही. तीन वर्षं हा माणूस एकटाच गाडी चालवत होता आणि आम्ही त्याच्या शॉकअपच्या वेडाला हसत होतो, याचं मला फार वाईट वाटलं. माझ्या मागच्या सीटवर तेव्हा बोलायला कोणी नव्हतं, फक्त आक्काची पिशवी होती.