मधे घातलेलं नाव

माझा स्वभाव संशयी, आणि नव्वदच्या दशकात त्याचा मला अभिमानही होता. डोंबिवलीहून वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत यायचे. आम्ही बॉयलरचे कंट्रोलर बनवायचो, प्रोग्राम सी भाषेत. मशीनच्या अवस्थांची नावं एका एनममध्ये, म्हणजे क्रमवार यादीत, लिहिलेली असत. साहेबांचा हट्ट, नावं मराठीच हवीत, फक्त इंग्रजी अक्षरांत: बंद, तापतंय, चालू, बिघाड. प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर त्यांना शून्यापासून ओळीने आकडे लावायचा.

एका शनिवारी मी त्यात ‘थांब’ वाढवलं. तापल्यावर मशीन जरा थांबतं, मग चालू होतं, म्हणून ते बरोबर ‘चालू’च्या आधी घातलं. कसं नीटनेटकं दिसत होतं.

सोमवारी जेवून आले तर फाइल शेवटची बदलल्याची वेळ वेगळीच. एक वाजून वीस. तेव्हा जागेवर फक्त बाळकुम गावातला, नवाच लागलेला मुलगा होता, अजून प्रोबेशनवरचा. माझ्या फाइलला हात लावलाच कसा? डोकंच फिरलं. त्याला काही विचारलं नाही. डब्याच्या पिशवीत माझी फ्लॉपी असायची, तिच्यातली शनिवारची फाइल मुकाट्याने परत चढवली.

मंगळवारी माजिवड्याला गिऱ्हाइकासमोर मशीन उत्तम चालू, आणि पॅनेलवर ‘बिघाड’. गिऱ्हाइकाने आम्हाला अक्षरशः हाकललं. मी साहेबांना सांगितलं, सोमवारी या मुलाने फाइल उघडली होती, आणखीही कुठे हात घातला असेल. साहेबांनी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, पकडला गेला.

दुसऱ्या दिवशी चूक शोधताना, मी फ्लॉपीवरून चढवण्याआधीची बॅकअप फाइल सापडली, त्याने सोमवारी बदललेली. ‘थांब’ सगळ्यात शेवटी नेलेलं. शेजारी लिहिलं होतं: ‘ताई, मधे घातलं तर पुढचे आकडे सरकतात. पॅनेलच्या चिपमध्ये जुनेच आकडे आहेत.’ म्हणजे माझा ‘चालू’ दोनाचा तीन झाला होता, आणि पॅनेलला तीन म्हणजे बिघाड.

लाज वाटली, भयंकर. साहेबांना सगळं सांगितलं आणि त्यांचा निरोप सांगायला बाळकुमला गेले. त्याची आई ओट्यावर सुकट निवडत होती. मी म्हटलं, चूक माझी होती, साहेबांनी परत बोलावलंय.

तो म्हणाला, “नको. पण ताई, मी लिहिलेलं तुम्ही वाचलंच नव्हतं?”

“नाही,” मी म्हणाले. “वेळ तेवढी बघितली.”