दाजींच्या पेट्या

माणूस भेटला की दाजी आधी त्याचं वजन सांगत, नमस्कार नंतर. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. उसाची बैलगाडी फाटकातून आत वळली की ती काट्यावर चढायच्या आत ते आकडा पुटपुटत. तीच सवय घरी, बाजारात, लग्नाच्या मांडवात. "पाव्हणा, दिवाळीपासून चांगला भरनात तुम्ही," असं ते पंगतीत नवरदेवाच्या बापाला ऐकवत आणि वर जिलबीचा आग्रहही करत. अंदाज बऱ्याचदा चुकायचा. चुकला की म्हणत, "काटामा दोष शे."

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे यजमान. गाव म्हसावद. सुमन लग्नाआधी वर तोरणमाळच्या शाळेत शिक्षिका होती आणि सुटीत शहाद्याला आमच्याकडे येई. अशाच एका सुटीत दाजी तिला पाहायला आले. वडीलधाऱ्यांनी विचारलं, मुलीला काही विचारायचं आहे का? दाजींनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमनं वजन कमी शे. जेवत जा." आमचे वडील गोरेमोरे झाले. सुमन मात्र पोह्यांची बशी पुढे करत म्हणाली, "पुढला खेपले काटा घर ठेईसन या." तिथेच लग्न ठरलं म्हणायचं.

या माणसाबद्दल आमच्या नात्यात एक गोष्ट पक्की बसलेली आहे. म्हातारपणी मोटरसायकलची हौस सुचली, त्या हौसेपायी आजारी बायकोला डोंगरात नेलं आणि तिचा जीव घालवला. ही गोष्ट खरी नाही. ती माझ्या तोंडून निघाली, म्हणून खरं काय ते मीच लिहायला हवं. माझंही वय झालं आहे.

मोटरसायकल त्यांनी निवृत्तीनंतर घेतली हे खरं. उंच, लांब दांड्याची, पोरं घेऊन लडाखला जातात तसली. तिच्यावर बसून ते शेतात जात आणि मळ्यातली वांगी घेऊन परत येत. गावाने हसून घेतलं. पुढे सुमनच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं निघालं. धुळ्याच्या डॉक्टरांनी आम्हाला तिघांनाही समोर बसवून सांगितलं होतं की शस्त्रक्रिया तिला झेपणार नाही. औषधं चालू ठेवा, उलट्या होऊ देऊ नका, त्याचा हृदयावर ताण येतो. बाकी मन रमेल ते करू द्या.

सुमनचं मन एकाच गोष्टीवर होतं. तिला तोरणमाळ पाहायचं होतं. आपली शाळा, तो तलाव. पण तिला गाडी लागायची. मोटार असो की बस, वाटेतल्या सातपायरीच्या घाटाच्या दुसऱ्या वळणाला ती खिडकीबाहेर डोकं काढून बसे. मोटरसायकलवर, वाऱ्यात, तिला कधी काही होत नसे. म्हणजे जायचं तर दाजींच्या मागे बसूनच.

दाजी नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "पेट्या बसाडना पडतीन." मागे एक मोठी पेटी, तिला टेकायला पाठ. दोन्ही बाजूंना एकेक पेटी, म्हणजे झोपाळ्यात बसल्यासारखं, हात टेकायला जागा आणि कलंडायचं भय नाही. आत औषधं, थर्मास, शाल, घडीची खुर्ची. कापडी पिशव्या त्यांना चालणार नव्हत्या. त्या दबतात, आणि दबणाऱ्या गोष्टीवर भार टाकायचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग पेट्या निवडणं सुरू झालं. प्लास्टिकच्या घ्याव्यात तर दगडावर आपटून तडकतात. अॅल्युमिनियमच्या घ्याव्यात तर पोचा पडतो, पण हातोडीने ठोकून सरळ होतात. झाकण वरून उघडणारं हवं की बाजूने? बाजूने उघडलं की सामान पायावर येतं. रुंदी किती? दाजींनी अंगणात दोन खुर्च्या मांडून त्यांना सुतळी बांधली आणि त्यातून गाडी ढकलत नेली. हँडलपेक्षा पेटी रुंद असली की माणूस हँडलच्या मापाने फट बघतो आणि पेटी अडकते. मी फोन केला की ते दुसरंच काही बोलतच नसत. पावसाळा संपला, सीताफळं बाजारात आली, दाजींच्या पेट्या ठरेनात.

एक दिवस सुमनने मला बोलावून घेतलं. दाजी शेतात गेले होते. ती म्हणाली, "नाना, हे पेट्याच निवडत ऱ्हातीन अन् मी मरी जासू. तू त्यासले समजाड."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दाजींना भीती वाटत होती. जायला नको म्हणवत नव्हतं आणि न्यायला धीर होत नव्हता, म्हणून ते निवडत बसले होते. संध्याकाळी मी त्यांना विचारलं तर ते वांगी टोपलीत टाकत राहिले. मग म्हणाले, "घाटमा पडनी तं? काही व्हयनं तं? कोन जबाबदार?"

"मी जबाबदार," मी म्हणालो. "बस? आता चला सुरतेला."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तुन्हं वजन वाढेल शे, नाना." म्हणजे ते कबूल झाले.

सुरतेच्या दुकानातला मुलगा फार हुशार होता. त्याने पेट्यांवर हात फिरवून आम्हाला खारदुंग खिंडीच्या गोष्टी सांगितल्या. "काका, लडाख जा रहे हो?" दाजी म्हणाले, "नही. तोरणमाळ." हे कुठे आलं हे त्याला माहीत नव्हतं. "घरपासून जवळच शे," दाजींनी सांगितल्यावर तो पुढची पेटी काढायला वळला. दाजींनी दुकानाच्या फरशीवर बसून प्रत्येक पेटीचं झाकण उघडमिट केलं, कडेचं रबर बोटाने दाबून पाहिलं, कुलूप लावून ओढलं. शेवटी मला म्हणाले, "बठ त्यावर." मी बसलो. "हाल." मी हललो. दुकानात गिऱ्हाइकं होती. मला लाज वाटली आणि खरं सांगायचं तर मजाही आली. कितीतरी वर्षांत मी इतका हसलो नव्हतो.

पेट्या शहाद्याला एका वेल्डिंगवाल्याकडे बसवल्या. धुराचं नळकांडं उजवीकडे, त्यामुळे उजवी पेटी डावीपेक्षा जास्त बाहेर निघाली. वेल्डिंगवाला म्हणाला, सगळ्यांच्या अशाच असतात. दाजींनी त्याला डावीकडची सळई तेवढीच बाहेर काढायला लावली. मग गाडी इतकी रुंद झाली की ती त्यांच्याच फाटकातून जाईना. सगळं परत खोललं. शेवटी उजवी पेटी लहान घ्यायची आणि जड सामान तिच्यात भरायचं असं ठरलं. दोन्ही पेट्यांत पाण्याचे कॅन ठेवून आम्ही राणीपूरपर्यंत जाऊन आलो. परत येईपर्यंत बोल्ट ढिले झाले होते. दाजींनी नायलॉनच्या कड्याचे नट लावले, खाली रबर घातलं आणि पुन्हा गेलो. मागे सुमनच्या जागी मीच बसलेला. "तिन्हापेक्षा तू जास्त शे," दाजी मान न वळवता ओरडत, "तू टिकना तं ती टिकी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अंगणात उभी केली आणि सुमनला बाहेर बोलावलं. पाठीला उशी शिवलेली, दोन्ही हातांखाली झाकणं, सगळं तयार. तिने गाडीला एक फेरी मारली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अन् मी बठू कशी?"

सुमन आयुष्यभर साडीत, एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेली. आता त्या बाजूला पेटी होती. दोन्ही बाजूंना पेटी होती. आम्ही सुतळी बांधली, पाणी भरलं, सुरतेला गेलो, आणि म्हसावदची बाई गाडीवर कशी बसते हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"पाय कोठे ठेवू? तुमना डोकावर?" ती म्हणाली.

दाजींचा चेहरा पडला. ते पाना आणायला वळले. डावी पेटी काढायची म्हणजे सगळा तोल गेला, आणि मला ठाऊक होतं, आता पुन्हा महिनाभर निवडणं सुरू होणार. सुमनलाही ते ठाऊक होतं. ती आत गेली आणि मुलीचा, ज्योतीचा, माहेरी राहिलेला पंजाबी ड्रेस घालून बाहेर आली. तो तिला सैल होत होता. वयाची साठी ओलांडलेली माझी बहीण माझ्या खांद्याचा आधार घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा, दोन्हीकडे पाय टाकून गाडीवर बसली. मागे टेकली. दोन्ही हात पेट्यांवर ठेवले. "हाई तं खुर्चीच शे," ती म्हणाली.

शेजारच्या कमलबाई कुंपणावरून बघत होत्या. "का वं मास्तरीणबाई, ह्या वयमा ड्रेस?"

"तू बी चाल," सुमन म्हणाली. "मांगली पेटीमा जागा शे तुले."

पुढच्या आठवड्यात ते दोघं वर गेले. एक रात्र राहून परत आले. काहीही झालं नाही. खरचटलंही नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी सुमन सकाळी चहा पिता पिता गेली. डॉक्टरांना मी नंतर स्वतः जाऊन विचारलं. ते म्हणाले, प्रवासाचा काही संबंध नाही, हे कधीही होणारच होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही.

कारण तोवर मी बोलून बसलो होतो. आमच्याकडे सवाष्ण बाई गेली की माहेरचं लुगडं येईपर्यंत तिला उचलत नाहीत. भाऊ लुगडं घेऊन येतो, आणि त्या दिवशी भावाच्या शब्दाला सगळे कान देतात. मी लुगडं घेऊन अंगणात शिरलो. सगळं नातं जमलेलं होतं. कमलबाई ड्रेसची आणि गाडीची हकीकत सांगत होत्या. सासरहून ज्योती नुकतीच पोहोचली होती. तिने माझे दोन्ही हात धरले आणि ओरडली, "मामा, मायले डोंगरमा कोनी जाऊ दिधं?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी जबाबदार, असं मी म्हणालो होतो. ते फक्त दाजींना ठाऊक होतं. ते समोर भिंतीला टेकून बसले होते.

"मी नकोच सांगं व्हतं," मी म्हणालो. "दाजीसनी ऐकं नही."

दाजींनी मान वर केली. मला वाटलं, आता बोलतील. ते उठून माझ्याजवळ आले, लुगड्यासाठी हात पुढे केला आणि हळू म्हणाले, "दे, नाना. उशीर व्हई ऱ्हायना."

ज्योती तेव्हापासून बापाच्या घरी आली नाही. जावई दिवाळीला फोन करत आणि दाजी त्यांनाच ज्योतीचं वजन विचारत. नात्यातल्या लग्नांत दाजी कडेला बसू लागले. कुणाला वजन सांगेनासे झाले. एकदा मला राहवलं नाही. म्हसावदला गेलो आणि म्हणालो, "दाजी, मी ज्योतीले खरं सांगी देस."

ते ज्वारी निवडत होते. "नको," म्हणाले. "बापवर राग ऱ्हायना तरी बाप बापच ऱ्हास. मामावरथून मन उडनं तं तिनं माहेर गयं. माय तं नहीच आते."

त्यांनी हे माझ्यासाठी म्हटलं की तिच्यासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही. मला ते सोयीचं होतं. मी चहा पिऊन परत आलो, आणि वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात दाजी न्यूमोनियाने गेले. अंथरुणाला खिळले असं झालंच नाही. ज्योती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाराव्याच्या दिवशी पंगती उठल्यावर ती ओट्यावर एकटी बसली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते, तिच्या आईने मला का बोलावलं, दाजी कसे घाबरत होते, सुरत, सुतळी, ड्रेस, मी जबाबदार म्हणालो ते, आणि लुगडं हातात घेऊन जे बोललो ते. मला वाटलं ती उठून जाईल. मी त्याची तयारी करून आलो होतो.

ती उठली नाही. रागावलीही नाही. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मग अगदी लहानपणी विचारायची तशा आवाजात म्हणाली, "मामा, मायनी तलाव देखा का? शाळामा गयी व्हती का ती? काय बोलनी तठे?"

मला माहीत नव्हतं. वर ते दोघंच गेले होते. सुमन गेल्यावर महिन्याभराने दाजी एकदा माझ्यापाशी बोलायला लागले होते, "नाना, तलावना काठवर ती..." आणि मला ते ऐकवेना म्हणून मी बसची वेळ झाली असं सांगून उठलो होतो.