नदीअलीकडची तेओद्रांदा

तेओद्रांदा माझ्या शेजारी राहायला आली, तेव्हा तिचा नवरा पोप होऊन जेमतेम आठवडा झाला होता. गौदियोसो साधा पाद्री. निवडीत दोन घराण्यांचं भांडण मिटेना, म्हणून लोकांनी कोणाच्याच अध्यात नसलेल्या ह्याला उचलून लातेरानला, पोपच्या वाड्यात नेलं. साध्या पाद्र्याला बायको चालते, पोपला संसार चालत नाही. हिला नदी ओलांडून आमच्या गल्लीत माडीवरची एक खोली दिली.

ती लोकर कातायची. सणाच्या मिरवणुकीला आम्ही दोघी रस्त्याकडेला उभ्या राहायचो. तो घोड्यावरून खाली मान घालून जायचा. "वाळलेत," एवढंच ती म्हणायची.

एकदा मी चिडले. "अगं, हाक तरी मार! अख्ख्या रोमात तुझ्याएवढा हक्क कोणाला आहे?"

"आणि त्यांनी वळून पाहिलं, तर मग मी घरी कशी जाऊ?"

सहाव्या वर्षी डिसेंबरात तिबेर नदी फुगली. दोन दिवस आम्ही तिच्या माडीवर उपाशी. तिसऱ्या सकाळी खिडकीखाली नाव आली. पावाच्या टोपल्या, एक पाद्री, आणि पोप स्वतः.

"वर किती जण?" पाद्री ओरडला.

"दोघी," ती म्हणाली.

आवाज ऐकताच गौदियोसो उभा राहिला. नाव डुगडुगली. त्याने पाव उचलून वर धरला. ती इतकी वाकली की मी तिची कंबर घट्ट धरली. पाव तिच्या हातात आला, पण त्याने सोडला नाही.

"पाय गार पडतात का गं अजून?"

"पडतात. तुम्ही वेळेवर जेवता का?"

"वाढतील ते जेवतो."

पाद्री खाकरला. "महाराज, पुढची घरं राहिलीत."

त्याने पाव सोडला. पाव आम्ही लगेच खाल्ला. जपून ठेवण्याइतकं पोट भरलेलं नव्हतं. ती रडत रडत चावत होती.

पुढच्या लेंटच्या उपासांत तो गेला. त्याला संत पीटरच्या चर्चमध्ये पुरलं, म्हणजे आमच्याच काठाला. "आता नदी तरी मध्ये नाही," ती म्हणाली. दर शनिवारी चालत जायची आणि थडग्याच्या जाळीपाशी बसायची.

"एवढं काय बोलतेस गं?"

"रोजचंच. लोकर कशी निघाली, ऊन किती पडलं."

गुडघे गेल्यावर तिच्याऐवजी मी जाऊ लागले. परत आले की अंथरुणातून विचारायची, "काय म्हणाले?"

"ऐकत होते," मी सांगायचे.