साफ केलेलं पान

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका डीटीपीवाल्याकडे मी आमच्या कॉलेजचं कॉम्प्युटर प्रॅक्टिकलचं पुस्तक छपाईसाठी तयार करायला दिलं होतं. स्क्रीनवर पान मोठं करून तो करंगळीच्या नखाने एकेक ओळ तपासायचा, तांदूळ निवडावेत तशी. मी प्रूफ मंजूर केल्यावर, मला न विचारता, त्याने प्रोग्रॅममधल्या तिरक्या रेघा आणि ओळींच्या शेवटचे अर्धविराम वेचून काढले. अशी एक खूण गेली तरी प्रोग्रॅम चालत नाही.

परीक्षेनंतर मी ते पुस्तक त्याच्या टेबलावर आपटलं.

"मॅडम, कचरा होता तो. म्या साफ केला. पाहा, पान कसं मस्त दिसून राह्यलं!" वर हसून म्हणाला, "अन् पुस्तकातलं कोन चालवून पाह्यते?"

माझं डोकं फिरलं. माझ्या वर्गातल्या, दर्यापूरच्या एका मुलीने चालवून पाहिलं होतं. घरी कॉम्प्युटर नाही म्हणून तिने हेच पान पाठ केलं, बाहेरच्या परीक्षकापुढे जसंच्या तसं टाइप केलं आणि नापास झाली. आता आपल्याला डोकंच नाही असं समजून ती कॉलेज सोडायला निघाली आहे. हे सगळं मी त्याला ऐकवलं.

तो खाली बघत म्हणाला, "माफ करा मॅडम. चुकलंच."

"मला नको, तिला सांगा." मी तिचा नंबर लावून फोन त्याच्या हातात कोंबला.

"पोट्टीची माफी मांगू? मी?"

पलीकडून "हॅलो, मॅडम?" आलं. तो फोन माझ्याकडे सरकवत राहिला. मी हाताची घडी घालून उभी राहिले.