तुरीच्या वावरातलं हेवी मेटल

माझ्या मुलीच्या बँडचं पहिलं गाणं सगळ्यात आधी ऐकलं ते रानडुकरांनी. मग वानरांनी, मग रोह्यांनी, मग कापूस वेचणाऱ्या बायांनी. बाप म्हणून माझा नंबर बराच खाली लागतो, आणि ही रांग मीच लावली होती.

आर्णीत माझं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, फुटलेली काच बदलणं, आणि अजूनही मेमरी कार्डात गाणी भरून देणं. गावाबाहेर महागावच्या रस्त्याला चार एकर वावर आहे, कापूस आणि तूर. तूर शेंगांवर आली की दिवसा वानरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, अंधार पडला की डुकरं. त्यांच्यासाठी आमच्याकडे प्रत्येक वावरात बांबूवर एक भोंगा बांधलेला असतो. खाली जुनी बॅटरी, एक छोटी मशीन, मशीनमध्ये मेमरी कार्ड. कार्डात कुत्र्यांचं भुंकणं, फटाके, वाघाची डरकाळी असं काही भरलेलं असतं आणि ते अखंड वाजत राहतं. भोंगे जोडून देतात माझ्या शेजारच्या गॅरेजवाले चाचा आणि आवाज भरून देतो मी. तालुक्यात वाघ जेवढे नाहीत तेवढे मी विकले आहेत.

अडचण एकच. जनावरांना सवय होते. आठ-दहा दिवस दचकतात, नंतर भोंग्याखालीच चरतात.

चाचा त्या दिवशी स्टूल ओढून माझ्या काउंटरला बसले. म्हणाले, "भाई, कुत्ता हो गया, शेर हो गया, पटाखे हो गए. अब तो सुअर को भी टाइम मालूम है कि आर्णी में शेर कितने बजे आता है. कुछ नया निकालो."

नवीन माझ्या मोबाइलमध्येच होतं.

मुलगी पुण्यात असते. दिवसा कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी हेवी मेटल बँडमध्ये गाते. "गाते" हा शब्द वापरायचा की नाही यावर आमच्या घरात एकमत नव्हतं. तिचा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा बायको म्हणाली, "अवो, इचा घसा बसला का? हळद-दूध घेते का नाई ते इचारा." आवाज पोटाच्या तळातून, घरघरत, जमीन खरवडत यावा तसा. आमची मुलगी पाच फुटांची, वजन सांगण्यासारखं नाही. तो आवाज तिचा आहे हे मला पटलंच नव्हतं. मागे उभा असलेला दाढीवाला पोरगा म्हणत असेल असं मी धरून चाललो होतो.

आठवड्याभरापूर्वी तिनं एक गाणं पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, "बाबा, हे आमचं सिंगल. महिन्या-दीड महिन्यानं व्हिडिओसकट बाहेर येनार. तोवर फक्त तुमाले देऊन राह्यली. पूर्ण ऐका अन् कसं वाटलं ते खरं सांगा. कोनालेच देऊ नका."

मी वीस सेकंद ऐकलं. गिऱ्हाईक आलं. मी "छान" असं लिहून वर एक अंगठा लावला. रात्री फोन आला, "पूर्ण ऐकलं?"

"हो हो."

"मधला भाग कसा वाटला?"

"मधला भाग त फारच."

ती "बरं" म्हणाली.

तर चाचा नवीन काही मागत होते आणि माझा अंगठा त्या फाइलवर गेला. मनात काही वाईट नव्हतं असं लिहिणार होतो, पण खरं म्हणजे मनात काहीच नव्हतं. चाचांनी पहिल्या दहा सेकंदांत चष्मा कपाळावर सरकवला. "या अल्लाह," एवढंच म्हणाले.

आमच्या तुरीत भोंगा लागला आणि जनावरं फिरकली नाहीत. तिसऱ्या दिवशी धुऱ्यापलीकडचे, म्हणजे बांधाशेजारचे, शेतकरी कार्ड मागायला दुकानात आले. मी भरून दिलं. नंतर त्यांचे साडू आले, साडूंचे शेजारी आले. आमचं धरून एकूण अकरा कार्डं. "कायचा आवाज हाय जी?" असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, "नवीन निघाला हाय." आवाज कोणाचा आहे ते एकालाही सांगितलं नाही. आता मला सगळ्यात जास्त तेच लागतं.

मग कोणीतरी आपल्या वावरातून पळणाऱ्या वानरांचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. वानरं शेपट्या वर करून बाभळीकडे धावताहेत आणि मागे माझ्या मुलीचा आवाज. तो फिरत फिरत पुण्याला पोचला. गाण्याचा खरा व्हिडिओ अजून काढायचाच होता, आणि त्याआधी हा आला.

तिचा फोन आला तेव्हा मी एक काच चिकटवत होतो.

"बाबा, ते वावर कोनाचं हाय?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, अकराही.

"म्हंजे तुमी ऐकलंच नाई." ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. "आठ महिने लागले आमाले. आमी चौघांनी ठरवलं होतं, बाहेरच्या कोनाले द्यायचं नाई. मी एकटीनं हट्ट केला का माह्या बाबाले देते. आता तिघं मले इचारून राह्यले, सांग, तुह्या भरवशावर पुढचं काम कसं करायचं. मी येऊन राह्यली. कार्डं मीच गोळा करते. तुमच्यावर नाई सोडत."

सकाळच्या बसनं ती आली. बायकोनं तिच्या हातात चहा दिला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोरीनं तुमाले गानं देल्लं अन् तुमी ते डुकरापुढं टाकलं." मी गाडीला किक मारली. मुलगी मागे बसली, मधे पिशवी ठेवून.

पहिलं आमचंच वावर. ती भोंग्याच्या मशीनकडे वाकली आणि वेचणीला आलेल्या बायांमधून सगळ्यांत वयस्क, जिला सगळे मावशी म्हणतात ती, कमरेची कापसाची ओटी सावरत पुढे आली.

"बंद कायले करून राह्यली वं बाई? वाजू दे ना."

"तरास नाई होत?" मुलीनं विचारलं.

"आधी दोन दिवस वाटे कोनाचं भांडन चालू हाय. मंग बोल कानावर याले लागले. भेगीचं गानं हाय ना ते." आणि मावशीनं, कापूस वेचता वेचता जात्यावरची ओवी म्हणावी तशा चालीत, म्हणून दाखवलं:

"हात घातला कोपरापर्यंत, तळ नाई लागला.
नाव सोडलं आत, ते अजून खाली जाऊन राह्यलं."

मागून दुसरी म्हणाली, "किती खोल, किती खोल. ते राह्यलं न मावशी."

मी तिथे उभा होतो. आमच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. पाच-सहा वर्षांची असताना ही पोरगी पालथी पडून भेगेला तोंड लावायची आणि आत काहीतरी ओरडायची. मग कान लावून वाट पाहायची. मी धुऱ्यावरून हाक मारायचो, "चाल घरी, इच्चू चावंल." ती काय ओरडते हे मी कधी विचारलं नव्हतं. आठ दिवस ते माझ्याच तुरीत भोंग्यावरून सांगितलं जात होतं. कापूस वेचणाऱ्या सात बायांना ते पाठ झालं होतं, मी मात्र त्याचा खप मोजत होतो.

मावशी म्हणाली, "मी बी घालत होती लहानपनी हात. माय मारे. पन म्हननारी कोन हाय हे? लय जोर हाय तिच्यात."

"माही पोरगी हाय," मी म्हणालो. "हे. हेच."

मावशीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हे? एवढीशी?"

मुलगी लाजली. अशा आवाजाचं माणूस लाजतं हेही मला नवीन होतं. कार्ड मात्र तिनं काढलं आणि पिशवीत टाकलं.

पुढचं वावर टेकाडाच्या पलीकडे होतं. चढ संपला आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, गाडी थांबवा. बंद करा."

मी बंद केली. खाली दूरपर्यंत तूर, मधे पांढरे झालेले कापसाचे पट्टे, आणि चारी बाजूंनी तिचाच आवाज. भोंग्यातून गिटार-ढोल नीट येत नाहीत, चिरके होऊन विरून जातात. आवाज तेवढा येतो. एका वावरात गाणं सुरू होत होतं, दुसऱ्यात अर्ध्यावर होतं, नाल्यापलीकडे कुठेतरी संपत होतं. डावीकडून "किती खोल" आलं, ते विरायच्या आत उजवीकडून आलं, मग खूप लांबून, जवळजवळ जमिनीतून आल्यासारखं. माझ्या हातावरचे केस उभे राहिले. पन्नाशीच्या माणसानं हेल्मेट हातात घेऊन असं उभं राहणं बरं दिसत नाही, पण मला ते डोक्यावर ठेवायचं सुचेना.

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा माझ्यासारखाच झाला होता. तिनं मोबाइल काढला, तिघांना फोन लावला, काही न बोलता हात उंच धरला आणि पूर्ण एक गाणंभर तसाच धरून ठेवला. मग कानाला लावून म्हणाली, "ऐकलं? हे बंद करायला मी निघाली होती."

पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. मला फक्त तिचं "हो" आणि "मले बी राग हाय" एवढं ऐकू आलं. फोन ठेवून तिनं पिशवीतलं कार्ड माझ्या हातात दिलं. "लावा परत. ते येऊन राह्यले. व्हिडिओ इथंच करू."

तिघं दोन दिवसांनी आले. ड्रमवाला माझ्याशी बोलला नाही, आणि ते बरोबरच होतं. दुपारी बायकोनं तुरीच्या ओल्या दाण्यांचा सोलेभात वाढला. दुसऱ्यांदा घेताना तो म्हणाला, "काका, ढोल कुठे ठेवायचे?" ढोल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवले. चाचांनी अकराही भोंगे गोळा करून एकावर एक बांधले आणि मागे सरकून त्यांच्याकडे असे पाहू लागले जसं काही मशीद उभी केली. "भाई," मला हळूच म्हणाले, "सुअर तो परसों से वापस आ गए हैं. किसी को बोलना मत."

सुरू करण्याआधी ती माझ्याजवळ आली. "बाबा, इथं उभं राहा. मोबाइल खिशात ठेवा. आता ऐका."

मी तिच्यापासून दहा हातांवर उभा राहिलो. ड्रम सुरू झाला तेव्हा तुरीची पानं हलत होती, वारा नसताना. मग तिनं श्वास घेतला. तो मला दिसला, पोटापर्यंत गेलेला. आणि तो आवाज त्या एवढ्याशा शरीरातून बाहेर पडला. दाढीवाला पोरगा तोंड मिटून गिटार वाजवत होता. ती ओरडत नव्हती. ओरडणं मला चांगलं ठाऊक आहे, मी बाप आहे. हे दुसरंच काही होतं, आखून, मोजून, पूर्ण ताब्यात ठेवलेलं. गळ्याची शीर ताठ आणि हात मात्र सैल. वेचणाऱ्या बाया ओळीनं उभ्या होत्या, कोणी पदर तोंडाला लावला नव्हता. मावशीचे ओठ हलत होते. मी या मुलीला शाळेत सोडलं, तापात उशाशी बसलो, तिची पहिली नोकरी लागली तेव्हा पेढे वाटले. आणि ही कोण आहे ते मला माहीत नव्हतं.

गाणं संपलं. ती धापा टाकत आली. "खरं सांगा."

"भेव वाटलं मले," मी म्हणालो. "तुह्यं."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, खोटं शोधत. मग मनगटानं तोंड पुसलं. "अजून एकदा घेऊ," ती कॅमेऱ्याकडे ओरडून म्हणाली.

त्या दिवशी तिनं ते सात वेळा म्हटलं. चाचांनी माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं होतं. मी बसलो नाही.