आप्पांचा टीसी

आक्का, मी घर सोडलं त्या सकाळी आपल्या मळ्यातला टीसी जळालेला होता. इकडच्या मैत्रिणींना हे सांगायचं तर टीसी म्हणजे काय तेच आधी सांगावं लागतं. दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर, ज्याच्यावर आपल्यासकट अकरा जणांच्या पाण्याच्या मोटारी चालायच्या. बेळगावच्या विमानतळावर न्यायला गाडी दारात उभी, बॅगा चढलेल्या, आईनं दह्याची वाटी हातात धरलेली आणि आप्पांचा पत्ता नाही. ते पहाटेपासून टीसीपाशीच होते. आले ते हातांना काळं तेल लागलेलं, त्यामुळं मला जवळसुद्धा घेता आलं नाही. गाडीच्या काचेपाशी उभं राहून एवढंच म्हणाले, "तिकडं लाईट जात न्हाय म्हणत्यात. तरीबी जपून वापर गं. लाईट सगळ्यांची असती."

मला तेव्हा रागच आला होता. लेक सातासमुद्रापार चालली आणि बापाचा जीव खांबावर. पण टीसी जळला की काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. ऑफिसात खेटे, अर्ज, आणि नवा येईपर्यंत उभी पिकं वाळताना बघत बसायचं. म्हणून सगळे त्याला आजारी माणसासारखं जपायचे. पाळ्या लावलेल्या. शेजारच्याची मोटार चालू असली की आपली बंद. आप्पांनी आपली पाळी कधी मोडली नाही, उलट कुणाची नड असली तर स्वतःची देऊन टाकायचे.

इथं कॅनडात, विनिपेगला, आठ वर्षांत लाईट गेलेली मला दोनदाच आठवते. तरी मी निवांत नाही. आमची इमारत आतून सगळी लाकडाची. फोडणी जरा करपली तरी छतावरचा अलार्म बोंबलायला लागतो आणि जिन्यात शेजारी गोळा होतात. भाड्याच्या कराराच्या कागदात विजेच्या वस्तूंबद्दल पानभर अटी आहेत, त्या मी इतक्या वेळा वाचल्यात की पाठच झाल्यात. आई गेल्यावर आप्पा, तू जवळ असूनही, एकटे पडले, म्हणून मागच्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी त्यांना आणलं, तेव्हा तर माझ्या काळजीला ऊतच आला.

आप्पांची छाती तू जाणतेसच. तंबाखूच्या वखारीत काढलेली वर्षं आता श्वासातून बोलतात. दिवसातून दोनदा वाफेचं मशीन लावायचं, त्यात औषधाची एक नळी रिकामी करायची, तोंडाला मास्क, दहा मिनिटं. हे मशीन त्यांनी हातातल्या पिशवीत धोतरात गुंडाळून आणलं होतं. पण ते आपल्याकडच्या दोनशे तीस व्होल्टचं आणि इथली लाईट एकशे वीसची. मी म्हटलं, इथलं नवीन घेऊ. तर, "माझं ब्येस चालतंय की." मग मी एक काळा ट्रान्सफॉर्मर मागवला. वरवंट्याएवढा जड, भिंतीतली लाईट घेऊन ती दुप्पट करून देणारा, आणि चालू केला की बारीक घुं घुं करणारा.

त्या डब्याची मला जी धास्ती बसली! मागच्या बाजूच्या, व्होल्ट बदलायच्या खटक्यावर मी लाल चिकटपट्टी लावली, कुणी चुकून फिरवू नये म्हणून. भिंतीवर मराठीत कागद चिकटवला: पाणी लावू नका. वर कपडा टाकू नका. तापला तर ताबडतोब बंद करा. कामावरून दिवसातून चार-चार फोन करायची. "आप्पा, डबा गरम हाय काय? मशीन लावलासा काय?" आधी काय विचारायची आणि मागून काय, हे मला फार उशिरा कळलं. ते म्हणायचे, "सगळं बराबर हाय. तू काम कर."

महिनाभरानं एका दुपारी मी लवकर घरी आले. निघताना कपड्यांचं मशीन दुपारी आपोआप सुरू होईल असं लावून गेले होते, ते धडधडत होतं. आप्पा पलंगाच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढं वाकून बसलेले. ओठ निळसर. छातीतून शिट्टी वाजत होती. ट्रान्सफॉर्मरची पिन काढून नीट बाजूला ठेवलेली. मी ओरडलेच, "आप्पा, वाफ का घेतली न्हाईसा?"

त्यांनी हातानंच थांब म्हणून खुणावलं. एकेक शब्द तोडत म्हणाले, "लोड हाय... तुझी कापडं... हुंदेत. मग लावतो."

मी पिन खुपसली, नळी फोडली, मास्क धरला. दुसऱ्या हातात फोन, त्यावर अँब्युलन्सचा नंबर, बोट हिरव्या बटणावर. डब्याची घुं घुं मला पहिल्यांदाच हवीहवीशी वाटत होती. आठव्या-नवव्या मिनिटाला शिट्टी कमी झाली. ओठांवर रंग आला. मग मी औषधाचं खोकं उघडलं. निम्म्याहून जास्त नळ्या तशाच होत्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. डब्याला हात लावला की कोमट लागायचा, आणि माझा कागद म्हणत होता, तापला तर बंद करा. तो तेवढा कोमट असतोच, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. शिवाय फ्रीज, शेगडी, कपड्यांचं मशीन, कदाचित शेजारच्यांची घरंसुद्धा, सगळं त्या एका डब्यावरच चालतंय असं त्यांनी धरलं होतं. म्हणून ते पाळी धरून होते. सगळं बंद दिसलं तरच आपली वाफ, नाहीतर राहू दे. त्यांना भीती जिवाची नव्हती. आपल्यापायी लेकीचा टीसी जळेल आणि परक्या मुलखात तिला कुणाच्या दारात उभं राहावं लागेल, ही होती.

मी त्यांच्या पायाशी बसून सांगितलं, आप्पा, बाकी सगळ्याची लाईट वेगळी. हा डबा फक्त तुमचा, दुसरं काही चालत नाही ह्याच्यावर.

त्यांनी डब्यावर हात ठेवून बघितला. "एकट्यासाठी एवढा टीसी?" म्हणाले, आणि संकोचून हसले. मला मात्र रडू आवरेना. तो कागद मी तेव्हाच फाडला.

आता ते घरी परत गेलेत. डबा माझ्या कपाटात आहे, लाल पट्टीसकट. मी फोन करते तेव्हा इकडं सकाळ असते आणि तिकडं त्यांची संध्याकाळची वाफ. आक्का, तू म्हणतेस, एवढा वेळ फोन धरून काही बोलत का नाही? अगं, मास्क तोंडावर असताना ते काय बोलणार? मी आवाज ऐकत असते. मशीनची घरघर, मागं म्हशीचं हंबरणं, तुझी भांडी. ती घरघर पूर्ण दहा मिनिटं चालली की मी चहा ठेवते. आठव्या मिनिटालाच थांबली तर आधी विचारते, "आप्पा, कुणाला दिलासा पाळी?" आणि मशीन पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू येईपर्यंत मी कामाला निघत नाही. घराची आठवण येते का, असं इथं कुणी विचारलं की मला तेवढाच आवाज आठवतो.