पडत्या भावातलं घर

“भिंती राहू द्या साहेब. भाव अजून उतरेल का, तेवढं सांगा.”

इब्राहिम मुलाणी मला हे विचारत होते तेव्हा मी शिडीवर उभा होतो. डोकं कौलांना टेकलं होतं आणि हातातल्या टोच्यानं मी एक वासा तपासत होतो. लाकूड आतून वाळवीनं खाल्लेलं असेल तर टोचा सहज आत जातो, वरून रंग कितीही चांगला दिसो. हा वासा पक्का होता.

“भावाचं मला कळत नाही,” मी वरूनच म्हणालो. “मी घर बघायला आलोय.”

“पण किंमत तुम्हीच लिहिणार ना?”

ते खरं होतं. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून नोकरी करून मी बाहेर पडलो होतो आणि खाजगी कामं घेत होतो. रेल्वेच्या कामगारांची एक पतपेढी होती. सभासदाला घर घ्यायचं असेल तर ती कर्ज द्यायची. पण त्याआधी घर खरंच तेवढ्या किमतीचं आहे की नाही, हे बाहेरच्या माणसानं बघून लिहून द्यावं लागे. याला व्हॅल्युएशन म्हणतात. तळेगावपासून खंडाळ्यापर्यंतची ही कामं माझ्याकडे येत.

घाटात विजेची इंजिनं सुरू झाली त्या सुमाराची ही गोष्ट आहे. वाफेच्या इंजिनाला कोळसा लागतो, पाणी लागतं, रोज हातोडा लावणारा माणूस लागतो. विजेच्या इंजिनाला यातलं फारसं काही लागत नाही. त्यामुळे लोणावळ्याच्या इंजिन शेडमधली माणसं हळूहळू कमी होऊ लागली. कुणी भुसावळला गेलं, कुणी गावाकडे. त्यांच्या भाड्याच्या खोल्या रिकाम्या पडल्या. त्यातच सगळीकडे मंदी आली आणि मुंबईकरांनी हौसेनं बांधलेले बंगले विकायला निघाले. विकणारे पुष्कळ, घेणारा कुणी नाही. दर दोन महिन्यांनी भाव आणखी खाली जायचा.

मुलाणी शेडमध्ये फिटर होते. दूरची बदली घ्या नाहीतर नोकरी सोडा, असं त्यांना सांगण्यात आलं. वय झालं होतं. त्यांनी नोकरी सोडली. रेल्वेचं क्वार्टर पावसाळ्याआधी रिकामं करायचं होतं. हातात फंडाचे पैसे होते, कमी पडतील तेवढ्यापुरतं पतपेढीकडे कर्ज मागितलं होतं, आणि राहायला जागा नव्हती.

बाजारामागचं हे तीन खोल्यांचं घर अण्णा कर्णिकांचं. मुंबईच्या एका कचेरीत नोकरी करून ते इथे येऊन राहिले होते. बायको वारली. पुण्याचा मुलगा आता बोलावत होता, म्हणून घर विकायला काढलं होतं. आधी त्यांनी तीन हजार सांगितले. मी शिडीवर चढलो तोवर ते अडीचवर आले होते.

मी खाली उतरलो आणि पश्चिमेच्या खोलीत गेलो. इथे एकच दोष होता, पण तो मोठा होता. भिंतीला कमरेपर्यंत ओल होती. चुन्याचा गिलावा नखानं खरवडला की भुगा पडत होता. लोणावळ्यात पाऊस वरून कमी आणि पश्चिमेकडून आडवा जास्त येतो. म्हणून इथले लोक घराच्या त्या बाजूला कारवीच्या काड्या आणि गवत बांधून झापं लावतात. अण्णांनी बायको गेल्यापासून झापं लावली नव्हती.

“याचे किंमतीतून किती कमी धराल?” मुलाणींनी विचारलं.

“भिंत वाळली तर काही नाही. नाही वाळली तर पुष्कळ.”

पतपेढीचे सेक्रेटरी दामले स्टेशनजवळच्या कचेरीत बसत. मी त्यांना अडचण सांगितली. व्हॅल्युएशनचे दोन रस्ते असतात. एक, घर बांधायला किती लागलं ते काढायचं आणि वयामुळे झालेली झीज वजा करायची. दुसरा, शेजारचं तसंच घर नुकतं कितीला गेलं ते बघायचं. पहिल्या रस्त्यानं आकडा फार मोठा येत होता. दुसरा रस्ता बंद होता, कारण वर्षभरात त्या भागात एकही घर विकलं गेलं नव्हतं.

“कमीत कमी लिहा,” दामले म्हणाले. “उद्या ते घर आपल्या गळ्यात पडलं तर आपण कुणाला विकणार?”

“कमीत कमी म्हणजे किती?”

“ते तुम्ही ठरवा. त्याची तुम्हाला फी देतो.”

पण मी आकडा लिहिण्याआधीच मुलाणींनी निर्णय घेतला. घर घ्यायचं नाही, थांबायचं. भाव वर्षभरात आणखी पडेल. तोवर बायकोच्या भावाकडे, सोमाटण्याला राहायचं. हे अण्णांना सांगायला ते बायकोला घेऊन आले. माझी मोजणीची टेप तिथे राहिली होती म्हणून मीही गेलो होतो. 

हाजराबी तोवर माझ्यासमोर एक शब्द बोलल्या नव्हत्या. नवऱ्याचं बोलून झाल्यावर त्या ओसरीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, “माजी भावजय चांगली हाय. पर तिच्या चुलीवर म्या किती दिस च्या मागू?”

मग त्या अण्णांकडे वळल्या.

“अण्णा, तुमी पुण्याला जानार. घर बंद ऱ्हानार,” त्या पुढे म्हणाल्या. “मग आमी हितंच ऱ्हातो की. भाडं देतो. पटलं तर दसऱ्याला घिऊ. न्हाई पटलं तर चावी तुमच्या हातात दिऊ.”

“आणि किंमत?” अण्णांनी विचारलं.

“तेव्हाची तेव्हा,” मुलाणी लगेच म्हणाले.

“म्हणजे तुम्ही भाव पडायची वाट बघणार. तीही माझ्याच घरात बसून.”

अण्णांचं म्हणणं बरोबरच होतं. पण दुसरी एक गोष्ट मला धंद्यामुळे माहीत होती, ती मी सांगितली. लोणावळ्यात बंद घर एका पावसाळ्यात जेवढं खराब होतं, तेवढं राहतं घर पाच वर्षांत होत नाही. चूल पेटत नाही, दारं उघडत नाहीत, फुटलेलं कौल कुणाला दिसत नाही. दसऱ्याला कुलूप काढलं की दार फुगून चौकटीत अडकलेलं असतं आणि आतल्या वाशांवर बुरशी असते. अशी घरं मी दरवर्षी बघत होतो.



“भाडं नको,” अण्णा शेवटी म्हणाले. “घर राखा. दसऱ्यानंतर हे सांगतील ती किंमत.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“मला कबूल,” मुलाणी म्हणाले.

मला कुणी विचारलंच नाही. मीही नको म्हणालो नाही. जाताना हाजराबींना एवढंच सांगितलं, की पश्चिमेच्या खोलीत रोज थोडा तरी विस्तव राहू द्या.

श्रावणात दुसऱ्या एका कामासाठी लोणावळ्याला गेलो तेव्हा मी तिकडे डोकावलो. जवळच्या औंढ्याहून गाडीभर कारवी आणून झापं बांधली होती. फुटकी कौलं बदलली होती. मुलाणींनी पत्रा वाकवून पागोळ्यांखाली पन्हळ ठोकली होती, म्हणजे छपराचं पाणी भिंतीवर न उडता लांब जाईल. फिटरचा हात होता, एकही सांधा गळत नव्हता. आत गेलो तर विस्तव नुसता ठेवलेला नव्हता. हाजराबींनी सगळं स्वयंपाकघरच पश्चिमेच्या खोलीत हलवलं होतं.

“धूर हितनं चांगला जातो,” त्या म्हणाल्या.

मुलाणी मला बाहेर घेऊन गेले. “साहेब, कोपऱ्यावरचा बंगला आणखी उतरला. अजून घेणारा नाही.” ते खुशीत होते. रोज बाजारात जाऊन ते ही बातमी काढत. एका हातानं घर सावरत होते आणि दुसरीकडे त्याची किंमत पडावी म्हणून वाट बघत होते. या दोन्हींत काही विसंगत आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

दसरा झाला. मी टोचा आणि टेप घेऊन पुन्हा गेलो. पश्चिमेची भिंत कोरडी होती. नखानं खरवडली, भुगा पडला नाही. आणि इथेच माझं काम अवघड झालं.

भिंत कोरडी झाली म्हणजे घराची किंमत वाढली. पण ती कोरडी केली होती घेणाऱ्यांनी. मी आजची किंमत लिहिली तर मुलाणींनी स्वतःच्या मेहनतीचे पैसे अण्णांना द्यायचे. मी पहिल्यांदा घर बघितलं त्या वैशाखातली लिहिली तर अण्णा म्हणणार, चार महिने भाडं न घेता घर दिलं त्याचं काय?

भरीला पाठीमागचं एक घर कोर्टाच्या लिलावात गेलं होतं, अगदी मातीमोल. दामलेंना ते आधीच कळलं होतं.

“आता तुमचा दुसरा रस्ता उघडला,” ते म्हणाले. “लिलावाचा आकडा लिहा आणि मोकळे व्हा.”

“ते घर तीन वर्षं बंद होतं. दारंसुद्धा लोकांनी काढून नेलीत.”

“पण गेलं तेवढ्यालाच ना?”

“विकणाऱ्याला विकावंच लागलं म्हणून गेलं. तो भाव नव्हे.”

“तुम्ही पतपेढीची फी घेता,” दामले म्हणाले.

“म्हणूनच लिलावाचा आकडा लिहीत नाही. तो खरा मानला तर तुमच्या जुन्या सगळ्या कर्जांवरची घरं उद्या निम्म्या किमतीची होतील. चालेल?”

दामलेंनी टेबलावरची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि विषय संपवला.

मी असं केलं. घर वैशाखात जसं होतं तसं धरलं, ओल्या भिंतीसकट. नंतरची दुरुस्ती राहणाऱ्यांनी केली आहे आणि ती किमतीत धरलेली नाही, असं रिपोर्टात स्पष्ट लिहिलं. राखणीचा मोबदला न घेतलेल्या भाड्यात फिटला असं मानलं. मग मधल्या काळात विकणाऱ्यांनी सांगायचा भाव जेवढा उतरवला होता तेवढं कमी केलं, पण लिलावाइतकं नाही. आकडा एकवीसशे आला.

सगळे त्याच स्वयंपाकघरात बसले होते. अण्णा पुण्याहून आले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“मला यापेक्षा जास्तीची आशा होती.”

“मला कमीची,” मुलाणी म्हणाले.

हाजराबींनी सगळ्यांना चहा दिला आणि सरळ मला विचारलं, “आनि अजून वाट बगितली तर?”

अण्णा माझ्याकडे बघत होते. दोघांनी मला नेमलं होतं, त्यामुळे एकाच्या सोयीचं उत्तर देता येत नव्हतं.

“उतरेल,” मी म्हणालो. “बहुतेक अजून उतरेल.”

“कवापातुर?”

“ते मला सांगता येणार नाही.”

त्या नवऱ्याकडे वळल्या. “घ्या.”

“अगं, साहेब स्वतः म्हणतायत उतरेल म्हणून.”

“ऐकलं म्या. उतरू द्या. ही चूल म्या चार म्हयने सारवली. आता पुन्ना गाठुडं बांदून सोमाटन्याला जायाचं, आनि भाव किती पडला ते तितं बसून इचारायचं? माज्यानं व्हायचं न्हाई.”

मुलाणी उठून बाहेर गेले. पन्हळीखाली जाऊन उभे राहिले, एक सांधा हातानं दाबून बघितला. त्यांच्या सगळ्या नोकरीचा फंड त्या एकवीसशेत जात होता, आणि तरी उरलेल्यासाठी पतपेढीचं कर्ज काढावं लागणार होतं. मग ते आत आले आणि त्यांनी अण्णांना विचारलं, “झापं उतरवून माळ्यावर ठेवू ना? पुढच्या वर्षी लागतील.”

“तुमचीच आहेत ती,” अण्णा म्हणाले.

व्यवहार झाला. निघताना अण्णा हाजराबींना म्हणाले, “मधल्या खोलीची खिडकी लावताना जरा वर उचलावी लागते.”

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान हलवली आणि स्टेशनकडे चालू लागले. मी त्यांच्याबरोबर गेलो.

माझा अंदाज बरोबर निघाला. भाव पुढे दोन वर्षं पडत राहिला. शेजारचं तेवढंच घर पोस्टातल्या एका माणसानं पंधराशेला घेतलं. मुलाणी ते सांगायला मुद्दाम माझ्याकडे आले. मला वाटलं, आता बोल लावतील.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? त्याचं छप्पर धड नाही. आता पन्हळ मीच बसवून देतोय.”

पुढे लढाई सुरू झाली. मुंबईत बॉम्ब पडणार या भीतीनं माणसं घाट चढून आली आणि लोणावळ्यात न्हाणीघरंसुद्धा भाड्यानं जाऊ लागली. एक दलाल मुलाण्यांच्या दारात रोख पैसे घेऊन उभा राहिला. खरेदीच्या तिप्पट देत होता. हाजराबींनी त्याला विचारलं, “इकलं तर आमी ऱ्हायाचं कुटं?” त्याच्याकडे लोणावळ्यात दुसरं एकही घर शिल्लक नव्हतं. तो निघून गेला.

म्हणजे भाव पडला तेव्हा मुलाण्यांचं काही गेलं नाही आणि चढला तेव्हा काही मिळालं नाही. माझ्या रिपोर्टातला आकडा त्यांच्या दृष्टीनं त्या एका दिवसापुरताच होता.

या कामानंतर मी एक सवय लावून घेतली. कुणाच्या नव्या घराची किंमत काढायची असली, की तो माणूस सध्या राहतो ती जागा मी आधी बघून येतो. थांबणं त्याला परवडेल की नाही, ते तिथेच कळतं. या फेरीची वेगळी फी मात्र आजवर कुठल्याही पतपेढीनं मंजूर केलेली नाही.